चिऊ, पाणी पी

भाचीचं लग्न ठरल्याचं कळलं आणि मी पहिलं काम काय केलं, तर माझ्या लग्नातल्या भेटवस्तूंचं काय झालं ते बघायला माळ्यावर चढले. म्हणजे खाली स्टूल धरून मी उभी राहिले आणि ह्यांना चढवलं. गुडघेदुखी माझी, हौसही माझी, चढणं मात्र त्यांच्या वाट्याला.

चिऊ ही माझ्या धाकट्या बहिणीची एकुलती एक लेक. खरं नाव चारचौघांसारखं आहे, पण घरात तिला चिऊ सोडून कोणी काही म्हणत नाही. तिला काहीतरी टिकाऊ द्यायचं माझ्या मनात होतं. बहीण म्हणाली, "ताई, पैसे दे आणि मोकळी हो. त्यांना घर लावायचंय." तिचं काही चूक नव्हतं. पैसे मी दिलेच, वेगळे. पण पैसे खर्च होतात, व्हायलाच हवेत. मला हवी होती ती वस्तू चाळीस वर्षांनीही तिच्याकडे असायला हवी होती. आता चाळीस वर्षं काय टिकतं, हे सांगणारं खात्रीचं ठिकाण माझ्याकडे एकच, आमचा माळा. आमचं लग्न १९८४ चं. हिशेब बरोबर जुळत होता.

पहिला खाली आला तो फोटोंचा अल्बम. त्यातली पानं चिकट, वरून पातळ प्लास्टिक ओढून घ्यायची, अशी. तेव्हा ती फार नवलाईची वाटायची. आता गोंद पिवळा पडून त्याने फोटोंच्या पाठी अशा धरल्या होत्या की ओढलं तर फोटो फाटणार. आणि सगळे फोटो लालसर. माझी साडी मोरपंखी होती हे मला ठाऊक आहे, म्हणून ती मोरपंखी. फोटोत ती विटकरी दिसते. त्या काळच्या रंगीत कागदांवरची सायन, म्हणजे निळसर हिरवी छटा, अंधारात बंद करून ठेवली तरी हळूहळू उडते. मागे उरतो तो लाल आणि पिवळा. त्याच पेटीत आई-वडिलांच्या लग्नाचा एक कृष्णधवल फोटो होता, आमच्यापेक्षा तीस वर्षं जुना. तो मात्र जसाच्या तसा. आईच्या नाकाजवळचा तीळसुद्धा स्वच्छ. त्या फोटोतला काळा म्हणजे रंग नसतोच, जिलेटिनच्या थरात बसलेले चांदीचे बारीक कण असतात. तेव्हा मी हे नुसतं बघितलं आणि फोटो बाजूला ठेवला. चांदी मनात तिथेच शिरली असावी.

मग व्हिडिओ कॅसेट. टेप चांगली असेलही, पण लावायची कशावर? तसली यंत्रं बनवणारी शेवटची कंपनीसुद्धा २०१६ मध्ये थांबली. भिंतीवरचं सेलचं घड्याळ, आतल्या आत सेल फुटून हिरवं-पांढरं झालेलं. काचेच्या सहा पेल्यांचा संच, सहाच्या सहा शाबूत, कारण एकदाही वापरलेला नाही. कोणी दिला, ते आम्हा दोघांनाही आठवेना. ह्यांचं म्हणणं त्यांच्या ऑफिसातल्या लोकांनी, माझं म्हणणं माझ्या.

शेवटी एक डबा निघाला. त्यात चांदीचे सहा चमचे. चोरीच्या भीतीने मी ते कधी वापरले नाहीत, रबर लावून एकत्र बांधून ठेवले. रबर वितळून डांबरासारखा झाला होता आणि प्रत्येक चमच्याच्या दांड्यावर एक काळी पट्टी उमटली होती. नुसती काळी असती तर पुसली असती. बोट फिरवलं तर पट्टीच्या जागी खरखर लागत होती. रबरात गंधक असतं आणि गंधक म्हणजे चांदीचा हाडवैरी, हे मला नंतर कळलं. जपून ठेवलं, त्याचं हे फळ.

आणि हे सगळं आवरताना सुतळी कापायला कात्री लागली तेव्हा हे खोलीतून ओरडले, "आत्याची कात्री कुठंय?"

मी मटकन खाली बसले. आत्याची कात्री! माझी आत्या शिवणकाम करायची. माझ्या लग्नात तिने मला एक मोठी पोलादी कात्री दिली होती. कागदात गुंडाळून, ना डबा ना रिबीन. मला तेव्हा जरा कसंसंच झालं होतं, खोटं कशाला बोलू. त्या कात्रीला किती वेळा धार लावली याची गणती नाही. मधला स्क्रू दोनदा बदलला. एका मुठीवरचा काळा रंग पार उडालाय. तिने कापड कापलंय, पत्रे कापलेत, मुलाच्या शाळेचे पुठ्ठे कापलेत. आत्या जाऊन वीस वर्षं झाली आणि आमच्या घरात आठवड्यातून दोनदा तरी तिचं नाव निघतं, ते या कात्रीमुळे. माझ्या मुलाने तर तिला धड पाहिलेलंही नाही, पण तोही "आत्याची कात्री" म्हणतो.

माझी परीक्षा तिथे ठरली. वस्तू हातात राहणारी हवी, खराब झाली तर दुरुस्त होणारी हवी, आणि घरात तिला "मावशीचं अमुक" म्हणतील अशी हवी. शेवटची अट थोडी स्वार्थाची आहे. असू दे.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी बरंच भटकले. मुलाने डिजिटल फोटोफ्रेम सुचवली, त्याला मी व्हिडिओ कॅसेट दाखवली. चावीचं घड्याळ मनात होतं; ते शंभर वर्षं चालू शकतं हे खरं, पण दर काही वर्षांनी कोणीतरी उघडून, पुसून, तेल घालावं लागतं. तसा हात आज शोधावा लागतो, आणखी तीस वर्षांनी चिऊने कुठे शोधायचा? लाकडी पेटी सुंदर मिळाली. पण आत ठेवायचं काय? पेटी म्हणजे माळ्याचंच छोटं रूप.

सगळ्यात जास्त दिवस घेतले वहीने. मला वाटलं होतं, हाताने बांधलेली कोरी वही घ्यावी आणि पहिली वीस-पंचवीस पानं आपण लिहून द्यावीत, तिच्या लहानपणीचं काय काय. कागदाची चौकशी करताना मला नवीनच कळलं की पिवळा पडून तुकडे पडणं हा कागदाचा धर्म नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लाकडाच्या लगद्याचा कागद होऊ लागला आणि शाई फुटू नये म्हणून त्याला तुरटीची खळ द्यायला लागले, त्यातलं आम्ल कागदाला आतून खातं. त्याआधीचे चिंध्यांचे कागद त्याच्यापेक्षा ठणठणीत आहेत. आता आम्ल नसलेला, वर चुनखडीचा अंश घातलेला टिकाऊ कागद मिळतो आणि त्याला ९७०६ क्रमांकाचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे. तसला कागद मी मिळवला. साध्या पेनची शाई उन्हात फिकी पडते म्हणून काजळीसारख्या कार्बनची काळी शाई आणली. वही बांधून आली. लिहायला बसले. पहिली दोन पानं चिऊ तीन वर्षांची असताना कपाटात लपली होती त्याबद्दल. तिसऱ्या पानावर माझ्या नकळत "संसारात" हा शब्द आला. चौथ्या पानावर मी तिला उपदेश करत होते. पेन खाली ठेवलं. पाचशे वर्षं टिकणाऱ्या कागदावर, न उडणाऱ्या शाईने उपदेश! ती वही अजून माझ्याच टेबलावर आहे, मी तिच्यात दुधाचा हिशेब लिहिते.

मग चांदी. आधी एका मोठ्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने झगझगीत तबक पुढे केलं. "प्युअर लुक आहे, मॅडम." लुक प्युअर म्हणजे काय ते मी तीनदा विचारल्यावर कळलं की आत जर्मन सिल्व्हर आणि वर चांदीचा मुलामा. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त. नाव ज्याने ठेवलं त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. मुलामा वाईट असतो असं नाही, जाड असेल तर बरीच वर्षं जातो. पण रोज हाताळलं की कडा आधी उघड्या पडतात. मला रोज हाताळायचीच वस्तू हवी होती, त्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटला.

दुसऱ्या ठिकाणी खऱ्या चांदीचे दिवे उभे होते. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की बूड भरलेलं आहे. म्हणजे वरचा पत्रा कागदासारखा आणि वजन यावं म्हणून पोटात राळ नाही तर सिमेंट. हातात जड लागलं की माणूस खूश.

शेवटी गाठ पडली एका म्हाताऱ्या कारागिराशी. खोली एवढीशी, एका कोपऱ्यात ऐरण, भिंतीला निरनिराळ्या तोंडांच्या हातोड्या. मी म्हटलं, रोज वापरता येईल असं काहीतरी सांगा. ते म्हणाले, "पेला घ्या. माणूस दुसरं काही करो न करो, पाणी पितो."

एवढं सोपं उत्तर मला सुचलं नव्हतं याचा जरा रागच आला.

शुद्ध चांदी घेऊ नका, असंही त्यांनीच सांगितलं. हजारात ९९९ भाग चांदी म्हणजे नुसतं लोणी, पडली की वाकली. ९२५ घ्या; उरलेले ७५ भाग बहुतेक तांब्याचे, तेवढ्याने ती कडक होते. मी विचारलं, "तांबं आहे म्हणून काळी पडेल ना जास्त?" तर म्हणाले, "ताई, काळी पडते ती बसून. हवेत गंधकाचा अंश असतोच, तो चांदीवर थर धरतो. रोज हात लागला, रोज धुऊन पुसली, की थर धरायला सवडच मिळत नाही." मी चमच्यांची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. फक्त म्हणाले, "रबर? अरेरे," जसं कोणी गेल्याचं कळावं.

त्यांनी माझ्यासमोर एक गोल पत्रा ठोकायला घेतला. मला वाटायचं, पेला म्हणजे पत्रा गुंडाळून शिवण डाखाने जोडतात. तसेही करतात. पण हे सपाट चकतीच्या कडेकडेने गोल गोल ठोके देत तिला उभी करत होते. थोडं ठोकलं की चांदी ताठरते, मग तापवायची, मंद लाल झाली की निववायची, पुन्हा मऊ होते, पुन्हा ठोकायची. एका पेल्याला असे कितीतरी फेरे. "असा केलेला पेला पडला तर पोचा येईल," ते म्हणाले, "पण पोचा आतून ठोकून निघतो. चांदी मेलेली नसते कधी." मी दोन पेले सांगितले. काठ पोकळ नको, पत्रा पातळ नको, वर नक्षी नको.

तीन आठवड्यांनी पेले हातात आले. बुडाला ९२५ चा ठसा होता, त्यांच्या खुणेचा ठसा होता. या ठशाला जगभर हॉलमार्क म्हणतात, कारण लंडनच्या सोनारांनी १४७८ मध्ये कस लावायची व्यवस्था आपल्या संघाच्या इमारतीत, गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये, आणली. म्हणजे हा त्या हॉलमधला मार्क. हे मी ह्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. हे म्हणाले, "ठसा काय, कोणीही मारेल. आपण बघू की." निवृत्त झालेल्या माणसाला एवढं निमित्त पुरतं.

आर्किमिडीजचा प्रयोग आमच्या ओट्यावर झाला. दोन्ही पेले वजनकाट्यावर ठेवले, ३६३ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवून आकडा शून्यावर आणला. पेले दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडतील पण तळाला टेकणार नाहीत असे धरायचे. जेवढं पाणी ते बाजूला सारतात, तेवढ्याच ग्रॅमचा आकडा काट्यावर येतो. चांदीचं प्रमाण ९२५ असेल तर घनता साधारण १०.३६ यायला हवी. म्हणजे काट्यावर ३५. जर्मन सिल्व्हर असेल तर ४२ च्या आसपास.

काट्यावर आले ३८.

हे गप्प. मी गप्प. तो म्हातारा, त्याची ऐरण, "चांदी मेलेली नसते", सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. ह्यांनी पुन्हा गणित केलं, साडेनऊ. "भेसळ दिसतेय," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात दुःखापेक्षा समाधान जास्त होतं असं माझं प्रामाणिक मत आहे. मी दोरा त्यांच्या हातातून घेतला. पेला पाण्यात तिरका केला तर बुडाच्या कडीखालून एक टपोरा बुडबुडा निघाला, बुडुक. दुसऱ्या पेल्याखालूनही निघाला. काटा ३५ वर येऊन थांबला. ह्यांनी पातेलं उचललं आणि पाणी झाडांना घालायला निघून गेले.

आता कोरायचं काय? बहीण म्हणाली, दोघांची नावं आणि लग्नाची तारीख. मला ते पाटीसारखं वाटलं. आपली नावं त्यांना माहीत असतात आणि तारीख विसरायचीच असेल तर पेला काय करणार? मी दोन दिवस काही काही लिहून बघितलं. प्रत्येक वेळी वहीच्या चौथ्या पानावर पोचत होते. मग एकदा फोनवर चिऊशी बोलताना मी सवयीने म्हटलं, "डोकं दुखतंय? चिऊ, पाणी पी." हे वाक्य मी तिला ती दोन वर्षांची असल्यापासून म्हणत आलेय. ताप आला, पाणी पी. पेपर अवघड गेला, पाणी पी. प्रेमभंग झाला होता एकदा, तेव्हाही मला दुसरं काही सुचलं नव्हतं. झालं, पहिल्या पेल्यावर तेच. आणि दुसऱ्यावर, तिच्या नवऱ्यासाठी, "तू पण पी."

कारागीर अक्षरं कोरत नव्हते. त्यांनी मला एका कोरणाऱ्या मुलाकडे पाठवलं होतं, पण तो गावाला गेलेला, आणि मला धीर कुठला. जवळच एका दुकानात मशीनवर नावं टाकून देत होते. मजकूर फोनवर पाठवला, त्यांनी फोनवरच अक्षरांचा नमुना दाखवला, मी अंगठा उंचावला. तासाभरात पहिला पेला हातात.

"चिऊ" मधली वेलांटी च ला सोडून ऊ च्या डोक्यावर जाऊन बसली होती. कोरडा च, मग ती कमान, तिच्याखाली ऊ. वाचायलाही येईना. मी दुकानदाराला दाखवलं. तो म्हणाला, "फोनवर बरोबर होतं ना, मग बरोबर आहे." मी म्हटलं, अहो, तुम्हीच वाचा. त्याने वाचलं, "चिऊ." डोळ्यांनी वाचलं नव्हतं, मी आधी सांगितलेलं वाचलं होतं. भांडले मी, थोडं. पण नमुना मान्य मीच केला होता. दुसरा पेला पिशवीत टाकला आणि चालायला लागले.

रात्री झोप नाही. गंमत म्हणजे दोन्ही ओळींत मिळून पहिली वेलांटी एकच, आणि नेमकी तीच घसरली. "पी" ची दुसरी वेलांटी कशी, निमूट अक्षराच्या मागे उभी होती.

कोरणारा मुलगा गावाहून आल्यावर त्याच्याकडे गेले. मुलगा म्हणजे माझ्या मुलाच्याच वयाचा. त्याने भिंग लावून बघितलं आणि म्हणाला, "काकू, कॉम्प्युटरच्या पोटात आधी च असतो आणि मग वेलांटी, कारण आपण उच्चारतो त्या क्रमाने अक्षरं साठवलेली असतात. कागदावर ती आधी काढायची, हे फोनला शिकवलेलं असतं. जुन्या मशीनच्या सॉफ्टवेअरला नसतं शिकवलेलं. मजकूर पाठवायचाच नाही, अक्षरांचं चित्र करून पाठवायचं." आणि मग, "तुम्ही स्वतः का नाही लिहून आणत? मी तसंच्या तसं कोरतो."

आधीचं काढता येईल का, विचारलं. त्याने नखाने चाचपलं. मशीनच्या हिऱ्याच्या टोकाने चांदी कापली जात नाही, नुसती ओरखडली जाते, दाबली जाते. त्यामुळे घळ उथळ होती. "घासून निघेल. पण तेवढा पत्रा पातळ होणार, आणि उजेडात तिरकं धरलंत तर थोडी खोलगट जागा कळेल. चालेल?" पत्रा पातळ नको असं मी कारागिराला बजावलं होतं, ते कामी आलं. चालेल म्हटलं.

घरी येऊन मी "चिऊ, पाणी पी" साठ वेळा तरी लिहिलं असेल. शाळेत शिक्षा झाल्यासारखं. चांगलं लिहायला गेलं की अक्षर माझं वाटेना. शेवटी वाणसामानाच्या यादीमागे घाईत लिहिलेलं होतं तेच नेलं. शिरोरेघ उजवीकडे चढलेली, आईचीही तशीच चढायची.

त्याचं काम बघत मी दोन तास बसले. पेला वाळू भरलेल्या चामडी उशीवर टेकवलेला. घासून झालेल्या जागेवर पांढऱ्या रंगाचा पातळ हात, त्यावर पेन्सिलीने माझी अक्षरं. मग कोरणी. हात जवळजवळ स्थिर आणि पेलाच त्याच्याकडे वळत होता. च ची गोलाई येताना त्याने श्वास रोखला, माझाही रोखला गेला. कोरणीपुढून चांदीची केसासारखी साल वळत वर आली आणि तुटून त्याच्या मनगटावर पडली. मशीनचा ओरखडा करडा दिसायचा, ही घळ मात्र आतून चकाकत होती. वेलांटी त्याने सगळ्यात शेवटी काढली, मुद्दाम माझ्याकडे बघून, डावीकडून.

गुंडाळण्याचं एवढंच सांगते की मखमलीचा डबा मी घेतला नाही. त्याचं अस्तर आणि गोंद कसला ते कोणी सांगेना, आणि लोकर, रबर, काही प्लास्टिकं यांच्यातून चांदीला काळं करणारी वाफ निघते. धुतलेल्या जुन्या सुती कापडाच्या दोन पिशव्या शिवल्या, आत्याच्या कात्रीने कापून. आत चिठ्ठी टाकली: कपाटात ठेवू नका, टूथपेस्टने घासू नका, पोचा आला तर मला सांगा. एवढा उपदेश चालतो.

लग्नात तिने पिशवी उघडली, वाचलं, आणि मोठ्याने हसली. तिच्या नवऱ्याला कळेना, कोणीतरी समजावून सांगितलं असेल. मला वाटलं होतं ती रडेल. असो.

आठ महिन्यांनी त्यांच्याकडे राहायला गेले. पेले कुठे दिसतात का म्हणून दारातूनच माझी नजर फिरत होती, हे कबूल. चिऊ आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर काम करत होती. बाहेरून तिच्या नवऱ्याने विचारलं, "अगं, पाणीपी भरून देऊ का?"

पाणीपी! पेल्याचं नाव पाणीपी पडलंय. दुसऱ्याचं तूपण. "मावशीचा पेला" असं त्या घरात कोणी म्हणत नाही.

तो घेऊन आला तेव्हा मी हातात घेऊन बघितला. नव्याची झगमग गेली होती. सगळ्या अंगावर केसासारखे असंख्य बारीक ओरखडे, आणि त्यांनी मिळून एक मऊसर, दुधट चमक आणलेली. काळं कुठेच नाही. काठाजवळ छानसा पोचा.

"एकदा टेबलावरून पडला," चिऊ म्हणाली. "तुला सांगणार होते, मग म्हटलं राहू दे, बरा दिसतो." मग तिने पेला माझ्या हातातून घेतला आणि अंगठा ओळीवर ठेवला. "मावशी, एक विचारू? इथे थोडं खोलगट का लागतं? पीत असताना माझा अंगठा रोज तिथेच येतो. खिडकीपाशी धरलं तर ऊ च्या वर काहीतरी पुसल्यासारखं दिसतं, कमानीसारखं."

मी तिला सगळं सांगितलं. मशीन, दुकानदार, ऊ च्या डोक्यावर जाऊन बसलेली वेलांटी, घासणं. ती उठून खिडकीशी गेली, पेला तिरका करून करून बघत राहिली, दोनदा बोट फिरवलं.

"मग पुसलीस कशाला?" ती म्हणाली.